‘क्रोनो क्रॉस’ : पाव शतकाचा न मिटलेला वाद

प्रतिनिधी

जपानच्या स्क्वेअर कंपनीने सोनीच्या प्लेस्टेशनसाठी तयार केलेला ‘क्रोनो क्रॉस’ हा व्हिडीओ गेम १८ नोव्हेंबर १९९९ रोजी बाजारात आला. त्याला आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला. या काळात गेम खेळण्याची यंत्रे कितीतरी वेळा बदलली, शाळकरी वयात तो खेळलेली मुले चाळिशीकडे झुकली. पण त्याच्याविषयीचा वाद काही मिटलेला नाही. तो आपण खेळलेला सर्वांत सुंदर गेम आहे, असे मानणारा एक पक्ष आहे; तर एका लाडक्या कथेचा तो विश्वासघात आहे, असे ठामपणे सांगणारा दुसरा. गंमत अशी, की हे दोन्ही पक्ष पुरावा म्हणून अनेकदा एकच प्रसंग पुढे करतात. तो प्रसंग आहे एका जळत्या घराचा. त्या घराकडे येण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात व्हिडीओ गेम म्हटले, की टीव्हीला जोडायचे यंत्र, त्यात खोचायची कॅसेट आणि पडद्यावर मारिओ किंवा काँट्रा, एवढेच चित्र डोळ्यांसमोर येत असे. जपानमध्ये मात्र तोवर रोल प्लेइंग गेम हा प्रकार घराघरांत रुजला होता. हा बोटांच्या चपळाईचा खेळ नव्हे. खेळाडूने चार-दोन प्रवाशांची टोळी सांभाळायची, गावोगावच्या लोकांशी बोलायचे, लढाईत यादीतून एकेक डाव निवडायचा आणि तीस-चाळीस तासांची एक दीर्घ कथा पुढे न्यायची, असे त्याचे स्वरूप असते. एखादी जाडजूड कादंबरी वाचावी तसा तो आठवडेच्या आठवडे चालतो. फरक एवढाच, की कादंबरीतले युद्ध नायक जिंकतो आणि इथले युद्ध ‘मी’ जिंकलेले असते. वादाचे मूळ या ‘मी’मध्ये आहे.

‘क्रोनो क्रॉस’च्या आधीचा ‘क्रोनो ट्रिगर’ हा गेम सुपर फॅमिकॉम या यंत्रावर मार्च १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘फायनल फँटसी’चे जनक हिरोनोबु साकागुची, ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे युजी होरी आणि ‘ड्रॅगन बॉल’चे चित्रकार अकिरा तोरियामा असे तिघे दिग्गज त्यासाठी एकत्र आले होते. क्रोनो, मार्ल आणि ल्युका हे इसवी सन १००० मधले तीन तरुण मित्र कालप्रवासात अडकतात आणि थेट भविष्यातल्या उद्ध्वस्त पृथ्वीवर जाऊन पोहोचतात. १९९९ साली लाव्होस नावाचा महाभयंकर जीव जमिनीतून वर येऊन जग संपवणार आहे, हे त्यांना तिथे कळते. मग डायनासोरांच्या युगापासून दूरच्या भविष्यापर्यंत भटकत ते लाव्होसचा पराभव करतात आणि जगाचे नशीब पालटतात. खेळाडूच्या निवडीनुसार शेवट बदलत असे आणि असे शेवट डझनभर तरी होते. पण त्यांतला जो मुख्य, तो निखळ आनंदाचा. जत्रा, आतषबाजी, मित्रांचा निरोप. लाखो मुलांनी टीव्हीसमोर बसून तो आनंद स्वकष्टाने मिळवला होता.

साडेचार वर्षांनी त्याचा पुढचा भाग आला तेव्हा तोरियामा त्यात नव्हते आणि होरीही नव्हते. पहिल्या गेमच्या लेखनात मोठा वाटा असलेले मासातो कातो आता दिग्दर्शक झाले होते. पहिल्याच कथेला शेपूट जोडण्यात त्यांना रस नव्हता. जुन्याशी नाते सांगणारा, पण वेगळा ‘क्रोनो’ घडवायचा, अशी त्यांची भूमिका होती. त्यामुळे गेम सुरू करणाऱ्याला ना क्रोनो भेटला, ना मार्ल, ना ते कालप्रवासाचे उडते यान. त्यांच्या जागी एल निदो नावाचा उष्ण कटिबंधातला द्वीपसमूह, कोळ्यांचे एक लहानसे गाव आणि सर्ज नावाचा अबोल मुलगा. एके दिवशी समुद्रकिनारी सर्ज एका समांतर जगात ओढला जातो. ते जग हुबेहूब त्याच्या जगासारखेच आहे. पण तिथला सर्ज दहा वर्षांपूर्वीच बुडून मेलेला आहे. आपल्याच गावात त्याला कुणी ओळखत नाही आणि गावाबाहेर त्याच्याच नावाचा स्मृतिशिला उभी आहे. आपण जगलो असतो तर आणि मेलो असतो तर, अशी दोन जगे शेजारी शेजारी ठेवून हा गेम सुरू होतो. या सुरुवातीविषयी मात्र कडव्या टीकाकारांचीही फारशी तक्रार नसते.

समीक्षकांनी तेव्हा त्याचे भरघोस स्वागत केले. जपानच्या ‘फामित्सु’ साप्ताहिकाने ४० पैकी ३६ गुण दिले, तर अमेरिकेच्या गेमस्पॉटने दहापैकी दहा. कुरकुर सुरू झाली ती खेळाडूंमध्ये, आणि तीही गेम बराच पुढे गेल्यावर.

कारण क्रोनो आणि त्याचे मित्र कुठे आहेत, याचे उत्तर हा गेम हळूहळू, जवळजवळ नाइलाजाने देतो. पहिल्या गेममधले गार्डिया राज्य १००५ सालीच लयाला गेले आहे. क्रोनो आणि मार्लचे पुढे काय झाले, हे स्पष्ट शब्दांत कधीच सांगितले जात नाही. दिसतात त्या फक्त त्यांच्या बालवयातल्या छायाकृती. ल्युका अनाथ मुलांसाठी आश्रम चालवत होती आणि सर्जची सोबतीण किड हीच तिथे वाढली. या कथेतल्या खलनायकाने, लिंक्सने, तो आश्रम जाळला. गेमच्या उत्तरार्धात सर्जला भूतकाळातल्या त्या रात्री जाता येते. खेळाडू धुरातून वाट काढत मुलांना बाहेर काढतो, चिमुकल्या किडलाही वाचवतो. ल्युकाला मात्र वाचवता येत नाही. कितीही चांगले खेळा, कोणताही पर्याय निवडा, गेम ती मुभा देतच नाही.

हेच ते जळते घर. ज्यांनी पहिल्या गेममध्ये ल्युकाबरोबर चाळीस तास काढले, तिच्या हातून जग वाचवले, त्यांच्या दृष्टीने हा घोर अन्याय होता. आमचा विजय तुम्ही कोणत्या अधिकाराने पुसता, हा त्यांचा सवाल आजही तितकाच धगधगीत आहे. उलट समर्थकांच्या मते संपूर्ण गेमचा प्राण याच प्रसंगात आहे. ल्युका परकी असती, तर तो एवढा जिव्हारी लागलाच नसता.

आपल्याकडच्या वाचकाला हा वाद समजायला जड जाऊ नये. महाभारत कुरुक्षेत्रावर संपत नाही. युद्धानंतर छत्तीस वर्षांनी मौसलपर्व येते, यादव आपापसांत लढून मरतात आणि द्वारका समुद्रात बुडते. पुष्कळ घरांत कथा सांगताना ते पर्व हलकेच गाळले जाते, हेही खरेच. कातो यांनी ‘क्रोनो’चे मौसलपर्व लिहिले, तेही राज्याभिषेक पाहायला जमलेल्या प्रेक्षकांसाठी.

पण ते केवळ दुःखासाठी दुःख नव्हते, हे प्रस्तुत प्रतिनिधीला मान्य करावेसे वाटते. ‘क्रोनो ट्रिगर’मध्ये नायकांनी उद्ध्वस्त भविष्य बदलले, तेव्हा त्या भविष्यात जगणाऱ्या माणसांचे काय झाले? पहिल्या गेमने हा प्रश्न विचारलाच नव्हता. ‘क्रोनो क्रॉस’ त्यालाच हात घालतो. सर्जच्या जगात एका समुद्राच्या लाटा उसळताना जागीच थिजल्या आहेत. त्या मृत समुद्राच्या मध्यभागी पुसल्या गेलेल्या भविष्याचे अवशेष, मोडके रस्ते आणि इमारती उभ्या आहेत. आणि सर्ज जिवंत राहिला म्हणूनच हे सारे तिथे आहे. एकाला वाचवताना दुसऱ्याला पुसावे लागते, हे सूत्र गेम पुन:पुन्हा आणतो. विषबाधेने मरणपंथाला लागलेल्या किडसाठी दलदलीतला हायड्रा हा प्राणी मारायचा का, हा निर्णय खेळाडूवर सोपवलेला आहे. मारला, तर त्याच्या आधाराने जगणारे दलदलीतले बुटके माणसांना जाब विचारतात आणि त्यांच्या बोलण्याला उत्तर सापडत नाही. कोणताही निर्णय घ्या, काही सोबती मिळतात आणि काही कायमचे दुरावतात. अर्ध्या वाटेवर तर गेम आणखी एक धक्का देतो. सर्ज आणि लिंक्स यांच्या शरीरांची अदलाबदल होते आणि पुढचा बराच काळ खेळाडूला आपल्याच शत्रूच्या देहात वावरावे लागते. तोवर जमवलेले सवंगडी एका फटक्यात पारखे होतात.

एवढे जड ओझे पेलण्याइतकी कथेची बांधणी मात्र भक्कम नाही, आणि या मुद्द्यावर टीकाकारांची बाजू उजवी ठरते. समांतर जगे, भविष्यातून आलेले संशोधन केंद्र, माणसांचे नशीब चालवणारा संगणक, ड्रॅगनांची प्रतिसंस्कृती, काळाच्या पोटात लाव्होसशी एकरूप झालेली राजकन्या शाला या साऱ्याचा उलगडा अखेरच्या काही तासांत लांबलचक संवादांतून ओतला जातो. समुद्रकिनाऱ्यावर उभ्या असलेल्या तीन छायाकृती व्याख्यान दिल्याप्रमाणे सगळे समजावून सांगतात. ते एकदा ऐकून पुरते कळले, असे सांगणारा खेळाडू विरळाच.

पात्रांच्या गर्दीविषयीची तक्रारही जुनी आहे. पहिल्या गेममध्ये सात सवंगडी होते आणि सातही लक्षात राहिले. इथे तब्बल ४५ आहेत. बोलकी कुत्री, सांगाड्याचा विदूषक, अळंबी होऊन बसलेला माणूस अशी ही वरात एका खेळात पुरती जमतही नाही. त्यासाठी गेम पुन्हा खेळावा लागतो. इंग्रजी आवृत्ती करताना प्रत्येकाचे बोलणे वेगळे ठेवायचे तर संवाद ४५ वेळा साठवावे लागले असते आणि तेवढी जागा नव्हती. तेव्हा भाषांतराची धुरा वाहणाऱ्या रिचर्ड हनीवूड यांनी साध्या वाक्याला प्रत्येक पात्राच्या धाटणीत आपोआप बदलणारी प्रणाली वापरली. युक्ती नामी होती. पण त्यामुळे अनेक पात्रांचा स्वभाव म्हणजे केवळ उच्चाराची लकब उरली. पहिल्या गेममधला गूढ जादूगार मॅगस हा इथे गाइल नावाने यायचा होता. इतक्या गर्दीत त्याला न्याय देता येईना म्हणून तो बेत सोडून देण्यात आला. जुन्या चाहत्यांना ही गोष्ट अजून सलते.

लढाईच्या पद्धतीवर मतभेद आहेत, पण त्यांत कडवटपणा नाही. शत्रूंना मारत राहून बळ वाढवत नेण्याची नेहमीची रीत इथे मोडली आहे. खरी प्रगती मोठ्या शत्रूंना हरवल्यावरच होते आणि कोणत्याही लढाईतून पळ काढता येतो. कुणाला यात सुटका वाटली, कुणाला खेळण्यातली हौसच गेल्यासारखे झाले. अखेरच्या लढाईची खुबी मात्र सांगण्याजोगी आहे. शेवटच्या शत्रूला नुसते बळाने मारले, तर गेम त्रोटकपणे आटोपतो आणि शाला सुटत नाही. खरा शेवट पाहायचा तर पिवळा, तांबडा, हिरवा, निळा, काळा, पांढरा या क्रमाने त्या त्या रंगाची जादू वापरावी लागते. प्रत्येकीचा सूर वेगळा असतो आणि सुरांची मालिका पूर्ण झाल्यावर ‘क्रोनो क्रॉस’ हे साधन वापरले, की राजकन्या मुक्त होते. मध्येच शत्रूने आपली जादू वापरली, तर क्रम बिघडतो. अनेकांना हे कळलेच नाही. चाळीस तासांच्या शेवटी त्यांच्या वाट्याला आला तो त्रोटक शेवट, आणि त्यांच्या नाराजीत या अपघाताचाही हात असावा.

यासुनोरी मित्सुदा यांच्या संगीताविषयी दोन्ही बाजूंमध्ये वाद नाही, एवढे सांगून पुढे जाता येईल.

मतांमधल्या या दरीचे एक कारण विक्रीच्या आकड्यांत दडलेले दिसते. मार्च २००३ पर्यंत ‘क्रोनो ट्रिगर’च्या मूळ आवृत्तीच्या जपानमध्ये सुमारे २३ लाख ६० हजार प्रती गेल्या होत्या, परदेशात मात्र अवघ्या २ लाख ९० हजार. ‘क्रोनो क्रॉस’च्या जपानमध्ये साडेआठ लाख, तर परदेशात साडेसहा लाख. म्हणजे जपानबाहेरच्या कितीतरी खेळाडूंना दुसरा गेम आधी भेटला असणार. त्यांच्यासाठी ल्युका ही किडची गमावलेली मोठी बहीण, आणखी कुणी नाही. त्यांना दुःख झाले, पण फसवणूक वाटली नाही. युरोपात तर त्या काळी दोन्ही गेम अधिकृतपणे पोहोचलेच नव्हते. पहिला २००९ मध्ये आला आणि दुसऱ्यासाठी २०२२ उजाडावे लागले.

कंपनीनेही मधल्या काळात सांधेजोड करून पाहिली. २००८ मध्ये निन्टेन्डो डीएससाठी ‘क्रोनो ट्रिगर’ पुन्हा काढताना त्यात शालाचा नवा प्रसंग घातला आणि स्मृती हरवलेल्या मॅगसकडे सूचक निर्देश केला. तिसऱ्या भागाची आशा २००१ मध्ये ‘क्रोनो ब्रेक’ या नावाच्या नोंदणीने पालवली होती. तो गेम कधीच झाला नाही. एप्रिल २०२२ मध्ये ‘क्रोनो क्रॉस’ नव्या यंत्रांवर आला, तेव्हा पहिले काही महिने चर्चा झाली ती कथेची नव्हे, तर अडखळत सरकणाऱ्या चित्रांची. २०२३ मधल्या दुरुस्तीनंतर ती तक्रार बरीचशी शमली. त्यानंतर तोच गेम प्रौढ वयात पुन्हा खेळणाऱ्यांपैकी काहींनी आपले जुने मत बदलल्याचे मोकळेपणाने सांगितले. ल्युकाच्या घराची आग त्यांना आता अन्याय वाटत नव्हती. काहींना ती पूर्वीपेक्षा जास्त असह्य झाली.

खऱ्या शेवटाच्या श्रेयनामावलीत रेखाटलेली चित्रे थांबतात आणि अचानक खऱ्याखुऱ्या छायाचित्रणातली एक तरुणी दिसू लागते. ती आजच्या जपानमधल्या शहरातून, गर्दीतून चालते आहे, कुणाला तरी शोधते आहे. ती किड आहे आणि सर्जला शोधते आहे, असे बहुतेक मानतात. काहींच्या मते मात्र तो शोध पडद्यासमोर बसलेल्याचा आहे.