चिठ्ठ्यांचा डबा

सकाळी सात. साताऱ्याच्या एस.टी.त बसले. पिशवीत लैंगिकता शिक्षणाच्या तासासाठी एकाच मापाचे कागद, एकाच रंगाची पेनं आणि झाकणाला फट पाडलेला पत्र्याचा डबा.

साडेनऊ. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, मुलं-मुली वेगवेगळ्या वर्गांत बसवू. आणि ते 'तसले' विषय नकोत." त्यांची भीती खोटी नाही. 2007 मध्ये राज्यात किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला गेला. 2021 मध्ये एनसीईआरटीने ट्रान्सजेंडर मुलांविषयी शिक्षकांसाठी पुस्तिका काढली आणि तक्रारी येताच संकेतस्थळावरून हटवली. पण मुलांना एका दारानं आणि मुलींना दुसऱ्या दारानं आत घेतलं, की दोन्हीकडे न बसणारं एखादं पोर तिथेच अडतं. शेवटी दहावीचं विज्ञानाचं पुस्तक उघडून दाखवलं. त्यात प्रजनन आहे, लिंगनिश्चिती आहे, सरोगसीसुद्धा आहे. सर एकत्र तासाला तयार झाले.

साडेदहा. तासाच्या सुरुवातीलाच सांगते : कुणी लैंगिक अत्याचार करत असेल आणि तुम्ही मला सांगितलंत, तर पॉक्सो कायद्यानं मला ते कळवावंच लागतं, बाकी गोष्टी माझ्यापाशी राहतील. फळ्यावर 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक लिहिते. मग शरीर, पाळी, स्वप्नदोष, कंडोम, 'नको' म्हणणं आणि समोरच्याचं 'नको' ऐकणं. त्याच ओघात, आवाज न बदलता : "काही मुलांना मुली आवडतात, काहींना मुलगे, काहींना दोन्ही, काहींना कुणीच नाही. काहींना जन्माच्या दाखल्यावरचं लिंग आपलं वाटत नाही." हा भाग वेगळा काढून शेवटी शिकवला, की सगळा वर्ग माना वळवून कुणाकडे तरी बघतो. म्हणून मी तो कधीच वेगळा काढत नाही.

बारा. प्रश्नांच्या निनावी चिठ्ठ्या. ज्यांना काही विचारायचं नाही त्यांनी फळ्यावरची ओळ उतरवायची. त्यामुळे सगळीच पेनं चालतात आणि कोण काय लिहितंय ते कळत नाही. उंची, मुरुमं, हस्तमैथुन. मग एक : "मला मुलींच्या रांगेत उभं राहिलं की कसंतरी होतं. वय वाढल्यावर हे जातं का?" खिडकीकडे बघत सगळ्या वर्गाला उत्तर दिलं : काहींचं बदलतं, काहींचं नाही, दोन्हींत आजार नाही. ओळख आजच ठरवून टाकायची घाई नाही.

दीड. शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले. 'बायल्या' म्हणून चिडवला जाणारा एक मुलगा दिवसभर पाणीच पीत नाही, असं खेळाच्या सरांनी सांगितलं. मुतारीत मुलं त्याला अडवतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या नालसा निकालानं स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला, पण शाळेच्या मुतारीत कुणालाही निर्धास्त जाता यावं एवढी साधी गोष्ट अजून राहिली आहे. सरांनी शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली त्याला द्यायचं कबूल केलं. मधल्या सुट्टीत तिथे स्वतः उभं राहा, असंही मी त्यांना बजावलं. अडवणारी मुलं तशीच मोकळी सोडून भागणार नाही.

पाच. परतीच्या गाडीत एका आईचा फोन. "ताई, पोराला मुलगे आवडतात म्हणतो. कुठल्या डॉक्टरकडे नेऊ?" सांगितलं : हा आजार नाही, असं भारतीय मानसोपचार संघटनेनं 2018 मध्ये जाहीर केलंय. डॉक्टरनं 'बदलून देतो' म्हणून उपचार करणं 2022 पासून व्यावसायिक गैरवर्तनात मोडतं. "काकू, आज तो जेवला का?" त्यावर त्या रडल्या. पुढचं बोलणं बराच वेळ चाललं.

रात्री नऊ. मुख्याध्यापकांचा निरोप : शनिवारी पालकसभा, माता-पालकांना बोलावलंय. मी उलट कळवलं, वडिलांनाही बोलवा.