‘अडमायर’ म्हणजे नक्की काय? कौतुक, आदर की अजून काही?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोपं जातं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. आजचा शब्द आहे अडमायर.

हा शब्द का घेतला? आपल्या वर्धेकडच्या ज्युनियर पोरापोरींचे मी अधूनमधून ऑनलाइन मॉक इंटरव्ह्यू घेतो. त्यात एक प्रश्न हमखास असतो, ‘हूम डू यू अडमायर?’ उत्तर येतं, ‘आय लाइक माय फादर व्हेरी मच.’ बाबा आवडतात, छानच आहे. पण विचारलं होतं वेगळंच, आणि जे सांगायचं होतं ते मनातच राहून गेलं.

आधी शब्दाचं मूळ बघू. लॅटिनमध्ये ‘मिरारी’ म्हणजे नवल वाटणं, थक्क होऊन बघणं. त्यातूनच अडमायर आला. मिरॅकल आणि मिरर हे त्याचेच भाऊबंद. म्हणजे शब्दाच्या पोटात दोन गोष्टी आहेत: नीट बघणं आणि बघून नवल वाटणं.

आता गंमत बघा. आपला ‘कौतुक’ हा शब्दही त्याच वाटेने आलाय. संस्कृतात कौतुक म्हणजे कुतूहल, नवल. आपण अजूनही म्हणतोच ना, ‘तो कौतुकाने बघत राहिला’? मग अडमायर म्हणजे कौतुक, विषय संपला?

नाही राजेहो, इथेच घोळ आहे. आपलं कौतुक बहुतेक वेळा वरून खाली वाहतं. आजी नातवाचं कौतुक करते, सर विद्यार्थ्याचं करतात. पण रिटायर होणाऱ्या सरांना ‘सर, मला तुमचं कौतुक वाटतं’ म्हटलं, की कानाला जरा खटकतं. तिथे आपण ‘आदर’ काढतो. आदर खालून वर जातो, आणि कधी कधी तो फक्त वयाला किंवा खुर्चीला दिलेला असतो. अडमायरला वय नाही, खुर्ची नाही. त्याला लागतं फक्त कारण. तुम्ही बॉसला अडमायर करू शकता, तसंच धाकट्या बहिणीलाही.

याचं एक जबरदस्त उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. सेवाग्रामला बापूकुटी बघितली असेल. ती झोपडी मुळात मीराबेन यांची. त्यांचं मूळ नाव मॅडलिन स्लेड, ब्रिटिश नौदलातल्या एका अ‍ॅडमिरलची मुलगी. त्यांना आधी बीथोव्हनच्या संगीताने झपाटलं होतं. बीथोव्हन तर 1827 मध्येच वारला होता. म्हणजे अडमायर करायला ओळख असावीच लागते असं नाही. त्याच ओढीने त्या रोमां रोलां या फ्रेंच लेखकापर्यंत पोचल्या, कारण त्याने बीथोव्हनवर लिहिलं होतं. त्याच्याकडून कळलं, की त्याने गांधीजींवरही पुस्तक लिहिलंय. ते वाचून त्या लगेच बोटीत बसल्या नाहीत. आधी जवळजवळ वर्षभर तयारी केली: सूत कातणं, जमिनीवर बसणं, शाकाहार. 1925 मध्ये भारतात आल्या. पुढे 1936 मध्ये गांधीजी शेगावला राहायला आले. त्याच शेगावचं 1940 मध्ये सेवाग्राम झालं.

पण गोष्टीचा खरा मुद्दा पुढे आहे. मीराबेन गांधीजींमध्ये फार गुंतून जायच्या. गांधीजी त्यांना पत्रांतून वारंवार समजावत, की लक्ष माझ्यावर नको, कामावर आणि विचारावर असू दे. अडमायर आणि अडोर यांतला फरक हाच. अडोर म्हणजे जीव लावणं, तिथे ‘का’ विचारत नाहीत. अडमायरमध्ये ‘का’ आधी येतो.

बाकीचे शेजारी पटकन बघू. लाइक म्हणजे आवडणं. अ‍ॅप्रिशिएट म्हणजे केलेल्या कामाची जाण ठेवणं. कोणी मदत केली, तर हा वापरा. रिस्पेक्ट म्हणजे मान राखणं; न आवडणाऱ्या माणसालाही तो देता येतो. आणि अडमायर करूनही मतभेद ठेवता येतात. इंग्रजीत ‘मच अ‍ॅज आय अडमायर हिम’ अशी सुरुवात झाली, की समजायचं पुढे ‘पण’ येतोय.

आता वापर:

1. कारण सांगताना ‘फॉर’ लावा. ‘आय अडमायर हर फॉर हर पेशन्स.’ किंवा सरळ गुणच घ्या: ‘आय अडमायर हर पेशन्स.’

2. ‘आय अ‍ॅम अडमायरिंग माय फादर’ नको. मनातल्या भावनेसाठी साधं ‘आय अडमायर’. ‘आय अ‍ॅम अडमायरिंग युअर गार्डन’ मात्र चालतं, कारण तिथे तुम्ही खरंच उभे राहून बाग बघताय.

3. उच्चार: अडमायरमध्ये जोर ‘माय’वर. अ‍ॅडमिरेबल म्हणताना जोर पहिल्या ‘अ‍ॅड’वर येतो, ‘अडमायरेबल’ म्हणू नका.

4. अडमायरर म्हणजे चाहता, पण ‘सीक्रेट अडमायरर’ म्हणजे लपून प्रेम करणारा. ऑफिसच्या मेलमध्ये जपून!

5. अ‍ॅडमिरल हा शब्द दिसायला सारखा, पण घराणं वेगळं. तो अरबीतल्या ‘अमीर’वरून आला.

मग इंटरव्ह्यूतलं उत्तर कसं द्यायचं? माणूस, गुण आणि पुरावा, एवढं पुरे. ‘आय अडमायर माय फादर फॉर कीपिंग हिज वर्ड, इव्हन इन अ बॅड कॉटन इयर.’ कापूस बुडाला त्या वर्षीही बाबांनी दिलेला शब्द पाळला. वाक्य छोटंच आहे, पण समोरच्याला तुमचे बाबा दिसतात, आणि तुम्ही त्यांच्याकडे किती नीट बघितलंय तेही कळतं.

आजचा होमवर्क: एक माणूस निवडा, त्याचा एक गुण आणि एक पुरावा लिहा. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला ते मराठीत सांगितलं तर अजूनच भारी. शब्द कुठला वापरायचा? ‘तुमचं हे वागणं बघून मला नवल वाटतं’, एवढंही पुरतं. भेटू पुढच्या भागात!