जुनी फियाट की मारुती 800? भंगारात देण्याआधी आरसीवरची तारीख पाहा

मोर्शी : दारात उभी जुनी गाडी ठेवायची की भंगारात द्यायची, हा प्रश्न अनेक घरांत पडतो. त्यात फियाट अन् मारुती 800 या दोन गाड्यांचा हिशेब वेगवेगळा आहे.

फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, मुंबईत कुर्ल्याला बनायची. इंजिन 1089 सीसी, जोर मागच्या चाकांवर. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये आली. इंजिन 796 सीसी, जोर पुढच्या चाकांवर; गाडी हलकी, म्हणून पेट्रोल कमी लागायचं.

आता मुद्द्याचं. 2021 च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडीच 'व्हिंटेज' ठरते. म्हणजे 1970 ची फियाट यात बसू शकते. मारुती 2033 पर्यंत नाहीच.

पण व्हिंटेज नोंदणी केली, की ती गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. संत्र्याच्या बागेत रोज जायचं असेल, तर साधं नूतनीकरणच बरं. 15 वर्षांनंतर आरटीओत गाडी दाखवून ते दर 5 वर्षांनी करावं लागतं.