टायरवरचे आकडे वाचू या!

मुलांनो, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एखाद्या टायरच्या दुकानापुढे जरा थांबून पाहा. रचून ठेवलेल्या टायरांवर आकडेच आकडे! नवा टायर घेताना "जरा मोठाच द्या" म्हणून चालत नाही; हे आकडे वाचता यावे लागतात. त्याला सहावी-सातवीचं गणित पुरतं.

समजा, मोटारीच्या टायरवर लिहिलंय : १६५/८० आर १४. यातले १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० मात्र मिलिमीटर नव्हेत बरं का! ते टक्के आहेत. रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची रबराची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी. 'आर' म्हणजे रेडियल. ही टायरच्या आतल्या धाग्यांची एक ठेवण आहे. 'आर' म्हणजे त्रिज्येचं माप नव्हे. आणि १४ हा रिमचा व्यास, तोही इंचांत! एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. आहे की नाही गंमत?

आता अख्ख्या चाकाची उंची काढू. १ इंच म्हणजे २५.४ मिमी, म्हणून रिम झाली ३५५.६ मिमी. तिच्या वर १३२ आणि खाली १३२. एकूण ६१९.६ मिमी.

दुसरा टायर घ्या : १८५/६५ आर १५. रिम मोठी, रुंदीही जास्त. मग चाक बरंच उंच असेल? करून पाहा. उत्तर येतं ६२१.५ मिमी. फरक २ मिमीसुद्धा नाही! रिम वाढली, पण रबराची उंची घटली.

उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर १३.६-२८ असं दिसेल. इथं रुंदी आणि रिम दोन्ही इंचांत.

एवढा खटाटोप कशाला? गाडीचा काटा चाकाच्या फेऱ्यांवरून वेग दाखवतो. ठरल्यापेक्षा मोठं चाक बसवलं, तर एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते. काटा दाखवतो त्याहून ती जोरात पळते आणि चालवणाऱ्याला पत्ताच नसतो! वळताना टायर घासू शकतो, ते वेगळंच. म्हणून पालकांनो, गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाचाच टायर मागा.

आता तुमची पाळी. स्कूटरच्या टायरवर ९०/१००-१० असेल, तर चाकाची उंची किती? उत्तर काढा आणि मोठ्यांना सोबत घेऊन, उभ्या गाडीचं चाक टेपनं मोजा. थोडा फरक येईल. कारण टायर झिजतो आणि गाडीच्या वजनानं दबतोही.

(उत्तर : ४३४ मिमी)