साडेदहा अध्यायांनंतर

हेमलकशाला येणारे पाहुणे दवाखाना आणि प्राणी पाहून झाले की हमखास एक प्रश्न विचारतात. एकाच घरातले सगळे एकाच कामाला कसे लागले? बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी माडिया गोंडांच्या या मुलखात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे इथे राहिले, पुढे दिगंत आणि अनिकेत ही मुलेही त्याच कामात उतरली. हे काम कोणत्या धर्माचे नव्हे. पण धर्मश्रद्धेच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक टोचतो. नवऱ्याला जे पटले ते बायकोमुलांना पटते कसे? की पटत नाहीच, नुसते सोबत राहावे लागते?

मी विद्यापीठातला अभ्यासक नाही. पावसाळ्यात इथले रस्ते बंद झाले की हाती असेल ते पुन्हा पुन्हा वाचतो. त्या वाचनातून मला वाटते, या प्रश्नाचे मराठीतले सर्वांत प्रामाणिक उत्तर रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या ख्रिस्ती घराने लिहून ठेवले आहे.

गंमत अशी, की या कथेचा धागा आमच्या जंगलाच्या उत्तरेकडून जातो. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांना बायबल दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. यात लक्ष्मीबाईंचा होकार नव्हता. नवऱ्याच्या वाटेने बायकोने जावे ही रीत. पण इथे ती वाट जातीबाहेर जात होती, म्हणून एरवी पतिव्रताधर्म शिकवणाऱ्या माणसांनीच त्यांना अडवून धरले. पुढची चारपाच वर्षे दोघे वेगळे राहिले. त्या काळात लक्ष्मीबाई पंढरपुरासही होत्या. लहानगा दत्तू म्हणजे देवदत्त.

नंतर त्या अहमदनगरला टिळकांकडे आल्या, पण धर्म आपलाच ठेवून. एकाच संसारात त्यांचे स्वयंपाकपाणी वेगळे, सोवळेओवळे शाबूत. टिळकांचा स्वभाव तापट आणि उतावळा. घरातली वस्तू कोणाला देऊन टाकतील याचा नेम नाही. पण या एका बाबतीत त्यांनी जबरदस्ती केली नाही. माझ्या मते त्यांच्या धर्मांतरापेक्षा हे थांबणे अवघड होते. लक्ष्मीबाईंच्या मनातून आधी जातिभेद गेला, ख्रिस्त नंतर आला. हा क्रम त्यांचा स्वतःचा, नवऱ्याने आखून दिलेला नव्हे. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मग हे घर ख्रिस्ती म्हणून कसे जगले? ‘स्मृतिचित्रे’ वाचताना प्रार्थनेइतकीच भांडणे सापडतात, आणि तीही विनोदाने सांगितलेली. दुष्काळातली पोरकी मुले घरात आली. बालकवी ठोंबरे या घरी राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांची आईसारखी उस्तवार केली. पाहुणे किती येणार हे टिळक ठरवत आणि पीठ किती उरले हे लक्ष्मीबाईंना ठाऊक असे. शेजाऱ्यावर प्रेम करण्याचा सारा हिशेब शेवटी चुलीपाशी येत होता. टिळकांच्या उपासनागीतांची संख्या अडीचशेवर जाते. ती गीते रविवारी मंडळी गातात. या चुलीवर मात्र कोणी गीत रचले नाही.

१९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनी एकत्र यावे अशी त्यांची कल्पना होती. ती मंडळांना रुचणे कठीणच होते. पण ज्याने स्वतःच्या घरात बाप्तिस्मा न झालेल्या बायकोबरोबर संसार केला, त्याला ही कल्पना सुचावी यात मला नवल वाटत नाही. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले.

मागे ‘ख्रिस्तायन’ राहिले. येशूचे चरित्र ओव्यांत सांगण्याचा हा संकल्प. टिळकांचे साडेदहा अध्याय झाले होते. उरलेले पुढे कोणी रचायचे? ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नव्हते, जिला अक्षरओळख नवऱ्यानेच करून दिली, तिने त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. ते रचताना नवरा हाताशी नव्हता, की दुरुस्तीला, की रागवायला. ख्रिस्तायनाची फार चर्चा होत नाही. वाङ्मय म्हणून मीही ‘स्मृतिचित्रे’च वर मानतो. परंतु कुटुंबाची श्रद्धा म्हणजे काय, याचा याहून ठोस पुरावा मला मिळालेला नाही. इथे तीन माणसे एका सुरात म्हणत नाहीत, एकाने सोडलेले दुसरा आपल्या सवडीने, आपल्या भाषेत उचलतो. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. अखेरचा अध्याय देवदत्तांनी लिहिला आणि १९३८ साली ग्रंथ छापून बाहेर आला, तेव्हा तो वाचायला घरात आईही नव्हती.