दूरध्वनीची नवी रचना : एकाच मार्गाने आवाज, चित्र आणि मजकूर

मुंबईत २८ जानेवारी १८८२ रोजी दूरध्वनी केंद्र सुरू झाले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे दूरध्वनीचे मूलतत्त्व एकच राहिले. दोन व्यक्ती बोलू लागल्या की त्यांच्यासाठी एक मार्ग राखून ठेवावयाचा आणि संभाषण संपेपर्यंत तो दुसऱ्या कोणास द्यावयाचा नाही, हे ते तत्त्व होय. हाताने जोडणी करून देणारे ऑपरेटर गेले, स्वयंचलित केंद्रे आली, पुढे भ्रमणध्वनीही आला. तरी संभाषणाची ही पद्धत कायम होती. अलीकडच्या काळात मात्र ती मुळापासून बदलत आहे. या बदलाच्या केंद्रस्थानी असलेल्या व्यवस्थेस तंत्रज्ञ 'आयएमएस', म्हणजे इंटरनेट पद्धतीवर आधारलेली बहुमाध्यम उपप्रणाली, असे म्हणतात.

नव्या व्यवस्थेचे स्वरूप

या रचनेत आवाजाचे अंकीय रूपांतर करून त्याचे लहान लहान तुकडे पाडले जातात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो. चित्र, मजकूर आणि आवाज यांचे तुकडे एकाच मार्गाने जातात आणि मुक्कामी पोहोचल्यावर पुन्हा जुळविले जातात. त्यामुळे आवाजासाठी निराळे व माहितीसाठी निराळे जाळे सांभाळण्याची गरज उरत नाही.

हा कारभार आयएमएस तीन कामांच्या आधारे चालविते. ग्राहक कोण आहे व त्यास कोणत्या सेवा देय आहेत, याची नोंदवही ती ठेवते. 'सिप' नावाच्या संकेतपद्धतीने ती दोन्ही बाजूंना निरोप देऊन संभाषण जुळविते व संपविते. शिवाय संभाषणाच्या तुकड्यांस वाटेत अग्रक्रम मिळावा, अशी तजवीज करते. गर्दीच्या वेळी चित्रपट थोडा थांबला तरी चालतो. बोलणे तुटून चालत नाही. जुन्या दूरध्वनीवर साधारणपणे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी जात असे. नव्या पद्धतीत तो पट्टा ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत वाढविता येतो. बोलणाऱ्याचा आवाज अधिक स्पष्ट ऐकू येतो तो यामुळेच.

विलंब का झाला?

'थ्रीजीपीपी' या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने आयएमएसचा आराखडा २००२ च्या सुमारास सिद्ध केला. तथापि दूरसंचार कंपन्यांनी तो लगेच स्वीकारला नाही. जुनी केंद्रे व्यवस्थित चालत होती आणि त्यांत मोठे भांडवल गुंतले होते. पुढे फोरजी आले. या जाळ्यात संभाषणासाठी राखीव मार्गाची सोयच नव्हती. त्यामुळे प्रत्येक संभाषणाच्या वेळी ग्राहकाला जुन्या जाळ्यावर उतरविणे किंवा आयएमएस उभारणे, असे दोनच मुख्य पर्याय उरले. २०१२ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियात व अमेरिकेत फोरजीवरील संभाषणसेवा, म्हणजेच 'व्होल्टे', प्रथम सुरू झाली.

भारतातील अनुभव

भारतात या बदलास खरी गती ५ सप्टेंबर २०१६ रोजी मिळाली. त्या दिवशी रिलायन्स जिओने आपली सेवा सुरू केली. या कंपनीजवळ टूजी वा थ्रीजीचे जाळे नव्हते. त्यामुळे तिचे प्रत्येक संभाषण आरंभापासून नव्या रचनेतूनच जाऊ लागले. पुढील वर्षी एअरटेलने मुंबईत व्होल्टे सेवा सुरू केली. या जाळ्यावर जुना टूजी संच चालत नाही. साधा संच वापरणाऱ्यांची ही अडचण ध्यानात घेऊन २०१७ मध्ये बटणांचा, परंतु फोरजीवर चालणारा संच बाजारात आणावा लागला.

सरकारी क्षेत्राने निराळी वाट चोखाळली. १९८४ साली स्थापन झालेल्या 'सी-डॉट' या संस्थेने ग्रामीण भागातील धूळ व उष्णता सोसणारे, वातानुकूलनाविना चालणारे छोटे केंद्र तयार केले होते. त्यांपैकी पहिले १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे बसविण्यात आले. पुढे याच संस्थेने आपल्या जुन्या केंद्रांसाठी 'मॅक्स-एनजी' ही आयएमएसवर आधारलेली योजना तयार केली. ग्राहकाची तार व दूरध्वनी तसाच ठेवून केंद्राचा गाभा तेवढा बदलावयाचा, हे तिचे सूत्र होते.

विजेचा प्रश्न

या सोयींबरोबर एक जबाबदारीही आली आहे. तांब्याच्या तारेवरील दूरध्वनीस लागणारी वीज केंद्रातील बॅटरीतून त्याच तारेने येत असे. त्यामुळे गावात अंधार असला तरी दूरध्वनी बोलत असे. प्रकाशतंतू मात्र वीज वाहून नेत नाही. ग्राहकाकडील उपकरणाची वीज गेली की सेवा बंद पडते. भ्रमणध्वनीच्या मनोऱ्याचीही बॅटरी व इंधन संपले की हीच गत होते. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर 'निसर्ग' चक्रीवादळ आले, तेव्हा अनेक गावांतील वीज गेली आणि तिच्याबरोबर संपर्कही तुटला.

म्हणून ग्रामपंचायत कार्यालय, शाळा व आरोग्य केंद्र येथे प्रकाशतंतूची जोडणी घेताना काही गोष्टी पाहून घेणे इष्ट ठरेल. उपकरणास बॅटरीचा अथवा सौर विजेचा आधार आहे काय, तो किती तास पुरतो आणि पावसाळ्यापूर्वी त्याची तपासणी कोणी करावयाची, हे ठरलेले असावे. गावातील ज्या वृद्धांजवळ अद्याप जुने संच आहेत, त्यांचा संच कोणत्या जाळ्यावर चालतो याचीही नोंद घ्यावी. संकटसमयी ११२ हा क्रमांक लागावयाचा असेल, तर तो लावणाऱ्याच्या हातातील संच आणि गावातील वीज या दोहोंची तयारी आधीच झालेली असली पाहिजे.