नाकाखालची पिवळी खपली अंगावर काढू नका

पावसाळ्यात हवा दमट झाली की आपल्या वस्तीत एखाद्या लेकराच्या नाकाखाली, ओठांच्या कडेला फोड दिसू लागतात. आपण म्हणतो, "उष्णता बाहेर पडतेय, जाईल आपोआप." कुणी अंगारा लावते, कुणी दृष्ट काढते. तोवर धाकट्या भावंडालाही तेच होते.

ही उष्णता नव्हे आणि दृष्टही नव्हे. हा 'इम्पेटिगो' नावाचा जंतुसंसर्ग आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस हे जीवाणू डास चावलेल्या, खरचटलेल्या किंवा खाजवलेल्या जागेतून त्वचेत शिरतात. 2 ते 5 वर्षांच्या मुलांत हा आजार जास्त दिसतो. फोड फुटतो, पाणी झिरपते आणि मधासारखी पिवळसर खपली धरते. स्पर्शाने, एकाच टॉवेलाने, उशीच्या अभ्र्याने तो पसरतो.

उपाय अवघड नाही. साबण आणि कोमट पाण्याने जागा हळुवार धुवावी, डॉक्टरांनी दिलेले जंतुनाशक मलम लावावे आणि लगेच हात धुवावेत. फोड बरेच असतील तर पोटात घ्यायचे औषध लागते. ते मध्येच सोडू नये. मेडिकलमधून मनाने ट्यूब आणू नये. पुष्कळ ट्यूबांत स्टिरॉइड असते; लाली कमी दिसते, पण आजार जात नाही. मुलाची नखे कापावीत, टॉवेल वेगळा ठेवावा, कपडे गरम पाण्यात धुवावेत. घरात सगळ्यांनाच रात्री खाज सुटत असेल तर मूळ आजार खरूज असू शकतो. मग सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत.

क्वचित, फोड आल्यानंतर सुमारे 3 आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येते. डोळ्यांभोवती सूज, लघवी कमी किंवा काळ्या चहासारखी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

औषध सुरू केल्यावर मुलाला साधारण 2 दिवस अंगणवाडीत पाठवू नये. मात्र त्याला 'घाणेरडा' म्हणू नये, आईला बोल लावू नये. जिथे पाणी दिवसाआड येते आणि पाच-सहा माणसे एका खोलीत झोपतात, तिथे असे आजार पसरणारच. दूर ठेवायचे ते जंतूंना, लेकराला नव्हे. विटाळ मानल्याचे दुःख काय असते, हे आपल्याला कुणी सांगायला नको.